आडवा हलणारा हात

डॉ. निर्मला आडकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना गौरव समितीने मला तीन सूचना केल्या होत्या. लेख फार लांबवू नये, आठवणी स्वतःच्या असाव्यात आणि सूर प्रसन्न असावा. पहिल्या दोन मी पाळीन. तिसरी माझ्याच्याने जमणार नाही, कारण बाईंची आणि माझी ओळख प्रसन्न कारणाने झाली नाही आणि पुढेही आमच्यात जे घडलं त्यात हसण्यासारखं थोडंच होतं. मी इंजिनावरचा माणूस, लेखणीची सवय नाही. समितीत प्राध्यापक मंडळी आहेत, त्यांनी शुद्धलेखन बघून घ्यावं. मजकूर मात्र आहे तसा ठेवावा, एवढी विनंती.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते दौंडला, नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका सायकलच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पाटीवर नाव आणि खाली तीन शब्द: झोप, भीती, डोकेदुखी. मानसोपचार हा शब्द बाईंनी मुद्दाम टाळला होता. तो लावला तर जिना चढून कोणी येणार नाही, आणि जो चढेल त्याची बातमी तो खाली उतरायच्या आत रेल्वे कॉलनीत पोचेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दौंडमध्ये राहणाऱ्याला ते पटेल.

मी जिन्याच्या तोंडाशी अर्धा तास उभा होतो. वर जाता येईना, कारण खाली सायकलच्या दुकानात घंट्या वाजत होत्या. शर्ट घामाने भिजला होता. शेवटी बाईच खाली आल्या. बुटक्या, चष्मा लावलेल्या, पदर खोचलेला.

"वर यायचं नाही का?" त्यांनी विचारलं.

"घंट्या वाजत्यात खाली," मी म्हणालो.

"बरं. मग इथंच बसू." आणि त्या खरोखरच पायरीवर बसल्या. दुकानदाराला हाक मारून म्हणाल्या, "अहो, थोडा वेळ घंट्या नका वाजवू." त्याने का म्हणून विचारलं नाही. पुढे वर्षभर, मी गल्लीत दिसलो की तो हातातली सायकल खाली ठेवायचा. माणसांना अशी सवय लावणं हे बाईंचं काम.

त्या घंटेबद्दल सांगायला हवं. मी त्या जिन्याशी आलो त्याच्या दोन महिने आधी आमच्या मालगाडीखाली एक मेंढपाळ स्त्री गेली होती. दौंडच्या अलीकडे, फाटक नसलेल्या एका गाडीवाटेवर, दुपारी चारच्या सुमाराला. इंजिनावर आम्ही दोघं होतो. ड्रायव्हर गेनबा ठोंबरे, ज्यांना सगळं शेड आबा म्हणायचं, आणि त्यांचा असिस्टंट म्हणून मी. नेमक्या त्या क्षणी मी खिडकीतून मान बाहेर काढून मागचे डबे बघत होतो, त्यामुळे ती स्त्री मला दिसली नाही. मला दिसली ती मेंढरं, नंतर. आणि ऐकू आली ती पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा. गाडी उभी राहिल्यावर मी मागे त्या गाडीवाटेपर्यंत चालत गेलो तेव्हा सगळं शांत होतं, ती घंटा तेवढी वाजत होती. तो मेंढा धडधाकट होता आणि रुळाकडेचं गवत खात होता.

शेडमधली जुनी माणसं वाईट नव्हती. "पहिली येळ हाय, व्हईल सवय," असं म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला. मला सवय झाली नाही. देवळातली घंटा, सायकलची घंटी, स्टेशनावरची घंटा, काहीही वाजलं की मी पुन्हा त्या गाडीवाटेवर उभा असायचो.

बाईंची उपचाराची रीत अशी होती. त्या समोर, जराशा बाजूला, खुर्ची घेऊन बसायच्या. म्हणायच्या, ती घंटा मनात आणा, अंगात कुठे लागतं ते बघा आणि माझ्या दोन बोटांमागे नजर फिरवा, मान हलवू नका. मग त्यांची बोटं माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पंचवीस-तीस वेळा जायची. थांबल्या की एवढंच विचारायच्या, "आता काय?" जे असेल ते सांगायचं. मग पुन्हा बोटं. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई आपल्याला वेड्यात काढताहेत. त्या खोलीत हा शब्द वापरू नये, पण वाटलं ते लिहितो.

सहाव्या खेपेला ती घंटा लांबून ऐकू आली, पलीकडच्या शिवारात वाजावी तशी. मी बाईंना तसं सांगितलं आणि रडलो. त्या म्हणाल्या, "गेली नाही ना? जायची पण नाही. मागे सरकली. तिची जागा तीच आहे."

हे होतं कसं, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. त्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच धीराने. मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, धोका दिसला की ओरडायचं हे तिचं काम. तिच्या शेजारीच दुसरा एक भाग असतो, घडलेल्या गोष्टीवर 'कुठे' आणि 'केव्हा' हे लिहून ठेवणारा. फार मोठा धक्का बसला की ओरडणारी ओरडत सुटते आणि लिहिणाऱ्याचं लिहायचं राहून जातं. मग ती आठवण जुनी होतच नाही, माणूस कुठेही असला तरी ती आत्ताचीच असते. आमच्या यार्डात एखाद्या वॅगनचं लेबल गळून पडलं की ती कुठे न्यायची हे कोणाला कळत नाही आणि ती मधल्या लायनीवर उभी राहून बाकीच्यांची वाट अडवते, तसं मी ते समजून घेतलं. बाईंना हे आवडलं. पुढे रेल्वेच्या माणसांना समजावताना त्या वॅगनच सांगायच्या.

आणि बोटांचं काय? इथून पुढे बाईंच्या प्रत्येक वाक्यात 'कदाचित' यायचं. झोपेत स्वप्नं पडतात त्या वेळी बंद पापण्यांखाली डोळे असेच इकडून तिकडे पळत असतात. दिवसभराचं आवरून ठेवायचं काम मेंदू तेव्हा करत असावा, आणि कदाचित बोटांमागे नजर फिरवली की तेच काम जागेपणी सुरू होत असेल. किंवा असं असेल, की मनाची पाटी लहान असते. तिच्यावर ते चित्र आणि हलणारी बोटं एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून चित्र पुसट होतं आणि कदाचित पुसटच परत ठेवलं जातं. किंवा नव्या जागी आलेलं जनावर आधी इकडेतिकडे बघतं, भ्यायचं काही दिसलं नाही की चरायला लागतं, तसं नजर फिरली की अंगालाच कदाचित कळत असेल, की इथे आता काही नाही. "आणि काही अभ्यासक म्हणतात की बोटांचा काही संबंधच नाही," बाई सांगायच्या. "भरवशाच्या माणसासमोर बसून ते पुन्हा आठवणं, एवढंच औषध आहे. कदाचित त्यांचंच खरं असेल."

डॉक्टरने आपल्याच औषधाबद्दल असं बोलावं याचा मला राग यायचा. आमच्याकडचा देवऋषीसुद्धा छातीठोक सांगतो, अमावस्येपर्यंत उतरेल म्हणून. गावात बाईंचं नावच 'कदाचितबाई' पडलं होतं. त्यांच्या कानावर ते गेलं होतं, पण त्यांनी आपला शब्द बदलला नाही.

आठवड्यातून एक दिवस बाई शिरूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायच्या. दौंडहून एसटीने चौफुला, तिथून गाडी बदलून पारगावचा पूल ओलांडून न्हावरा आणि मग शिरूर. बरा झाल्यावर माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायला लागलो. रुग्णांना नंबराने बसवायचं, त्यांच्या घरच्यांना बाहेर थोपवून धरायचं, हे माझं काम. बाई हात फिरवतात ही बातमी तिथे भलत्याच वाटेने पसरली होती. एक म्हातारीबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेच्या डोळ्यांदेखत विहिरीची दरड कोसळून तिचा भाऊ गेला होता. म्हातारीबाईंनी पिशवीतून मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या काढून टेबलावर ठेवल्या.

"नजर उतरिवता न्हवं तुमी? सामान आनलंय," त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, ते तुम्ही घरी उतरून टाका, तुमच्या हाताने. मी बोटं हलवते. दोन्ही होऊ दे." जाताना म्हातारीबाई मला म्हणाल्या, "हितं आपलं कुनी आइकतं तरी." त्या सुनेला बरं वाटायला वर्ष लागलं. मिठाने की बोटांनी, हे बाईंना विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हे आता वाचकांना ठाऊक आहे.

इथवर लिहिलं ते समितीला चालण्यासारखं आहे. आता आबांबद्दल लिहितो.

गेनबा ठोंबरे मेंढरामागून आलेल्या घरातले. आजोबांपर्यंत घर पायावर होतं, मेंढरांमागे गावोगाव फिरायचं. वडिलांनी न्हावऱ्याच्या पुढे वस्ती करून शेती धरली. आबा स्वतः आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत आईबरोबर मेंढरं वळायला जात. मग रेल्वेत लागले, कोळशाच्या इंजिनावर कोळसा ओढला आणि ड्रायव्हर झाले. मला त्यांनीच शिकवलं. सिग्नल डोळ्यांनी बघायचा आणि तोंडाने म्हणायचा, हे त्यांचं वाक्य मी आजही माझ्या असिस्टंटला सांगतो.

अपघातानंतर मला जे होत होतं ते आबांना दुपटीने होत होतं, पण ते कोणाशी बोलत नव्हते. मला गुण आला म्हणून मीच त्यांना बाईंकडे घेऊन गेलो. ते नको नको म्हणत होते. मी हट्ट धरला. तीन वेळा ते त्या खोलीत बसले आणि तीनही वेळा मी बाहेर बाकावर होतो. तिसऱ्या वेळी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडून आबा बाहेर आले. जिन्यावर कठडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या बाईचा हात नगं मला."

आत काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. बोटं हलायला लागली की आबांची मूठ खुर्चीच्या हाताभोवती आवळायची आणि पिळायची, जणू ते ब्रेकचा दांडा ओढताहेत. बाईंनी त्याचा अर्थ आपल्या अनुभवाप्रमाणे लावला. बरं वाटण्याआधी कधी कधी त्रास वाढतो, तसा हा वाढला आहे, थोडा धीर धरायला हवा.

बाईंना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं.

आमच्या रेल्वेत हात ही भाषा आहे. शंटिंगच्या वेळी, म्हणजे यार्डात डबे पुढेमागे करून जोडताना, हिरवी झेंडी सावकाश आडवी हलली तर गाडी माझ्याकडे आण. रुळावर कोणी काहीही जोरजोरात आडवं हलवताना दिसलं तर धोका, असशील तिथे थांब. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून पढवलेलं असतं. अपघाताच्या दिवशी गाडी थांबल्यावर, गार्ड चालत पुढे येईपर्यंत, आम्ही दोघंच इंजिनात होतो. आबांचा हात अजून दांड्यावर होता. समोर बघत, दुसरा हात हलवून दाखवत ते म्हणाले, "तिनं हात केला व्हता. असा आडवा. मला वाटलं, मेंढरं वळवतीया."

मी त्या हलणाऱ्या हाताकडे पाहिलं.

"माजी आय बी असाच हात हालवायची," ते म्हणाले. "म्या बघत ऱ्हायलो. मंग बिरेक लावला."

किती वेळ बघत राहिले? दोन सेकंद, फार तर तीन. भरलेली मालगाडी अर्धा-पाऊण किलोमीटर गेल्याशिवाय उभी राहत नाही. त्या दोन सेकंदांनी काही बदललं नसतं, हे मला कळत होतं आणि वीस वर्षं गाडी चालवलेल्या आबांना तर कळतच होतं. दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर त्याने तो हात धोक्याचाच धरला असता. मेंढरामागे वाढलेल्या माणसालाच तो हात मेंढरं वळवणारा वाटू शकतो. "कुनाला बोलू नगंस," आबा म्हणाले. चौकशीत आम्ही लिहून दिलं, अडथळा दिसताक्षणी ब्रेक लावला. खाली त्यांची सही आणि माझी सही.

म्हणून जिन्यावर आबा 'बाईचा हात नगं' म्हणाले तेव्हा कोणत्या बाईचा, हे मला कळायला हवं होतं. थोडंफार कळलंही असेल. पण मी शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर कागदावर माझीही सही होती आणि नोकरीत मी नवा होतो. अळीमिळी गुपचिळी. मी बाईंना काही सांगितलं नाही.

बाईंनी आबांना सोडलं नाही. शिरूरला जाताना न्हावऱ्याला उतरून त्या वस्तीपर्यंत चालत जायच्या. एकदा मीही बरोबर होतो. आबा ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना काकू म्हणतो, चहा केला. आबा म्हणाले, "डॉक्टरबाई, च्या घ्या. पर त्यो हात नगं." बाईंनी दुसरं काही करून बघू म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, दर खेपेला तेवढंच शांतपणे बोलल्या. परतताना वहीत लिहिलं: हात नको म्हणतात. उपचारास नकार.

आबांना आधी शेडमध्ये हलकं काम मिळालं, मग त्यांनी नोकरीच सोडली. गोळ्या घेतल्या, सोडल्या. दारू धरली. चार वर्षांनी गेले. दारूने गेले असं लोक म्हणतात, म्हणोत.

दहावा शिरूरला घोड नदीच्या काठावर झाला. बाईंनी दवाखाना बंद ठेवल्याचा तो एकच दिवस मला आठवतो. त्या गर्दीच्या मागे, उन्हात उभ्या होत्या. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर बाभळीवर तीन-चार बसले होते, पण खाली उतरत नव्हते. नातेवाईक एकेक करून पुढे आले. भाऊ म्हणाला, "बोरला पानी लागंल आबा, काळजी करू नगा." मुलगा म्हणाला, "आयला मी संभाळीन." मेहुणा म्हणाला, "धाकलीचं लगीन आमी करून देऊ." कावळे बसूनच राहिले. मग एक वयस्क गृहस्थ सगळ्यांकडे बघत म्हणाले, "गड्याच्या मनात कायतरी ऱ्हायलंय. कुनाला ठावं हाय का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ते माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं. मी माझ्या पायांकडे बघत राहिलो. कावळ्यांचं मी काही मानत नाही, पण त्या दिवशी त्या बाभळीकडे मला बघवेना. शेवटी ऊन वाढलं म्हणून दर्भाचा कावळा करून उरकून घेतलं.

परतीच्या एसटीत न्हावऱ्यापर्यंत आम्ही उभे होतो. मग जागा मिळाली आणि मी बाईंना सगळं सांगितलं. आबा काय म्हणाले, आम्ही काय लिहून दिलं, जिन्यावर मला काय कळलं होतं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला तो हात करून दाखवला होता ना? दाखवा बरं."

मी हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर आडवा हलवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरच्या आपल्या बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे मी तोच हात तीन वेळा त्यांच्यासमोर धरला," त्या म्हणाल्या.

पारगावचा पूल गेला. मला राहवेना. मी विचारलं, "बाई, मी आधी सांगितलं असतं तर आबा वाचले असते का?"

नाही म्हणावं म्हणूनच मी विचारलं होतं. दुसऱ्या कोणीही नाहीच म्हटलं असतं. तुमचा काय दोष, त्यांचं नशीब, असं म्हणून पाठीवर हात ठेवला असता. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. चौफुला दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "कदाचित. आणि मी विचारलं असतं तरी. कदाचित."

चार महिने मी त्या जिन्याकडे फिरकलो नाही. अंगाचा तिळपापड होत होता. या बाईंना माणसाची जरा म्हणून दया नाही, असं मी घरी बोलून दाखवलं. राग हळूहळू उतरला तो एका साध्या विचाराने. घंटा मागे सरकली, तिची जागा तीच आहे, असं याच बाईंनी मला सांगितलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवून पुन्हा इंजिनावर चढलो होतो. तो विश्वास मला ठेवता आला, कारण त्या खोटा धीर देत नाहीत. एसटीत त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या असत्या तर ती घंटा मला दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळ ऐकू आली असती. मी परत गेलो. बाईंनी कुठे होतात म्हणून विचारलं नाही. म्हणाल्या, "बाहेर चौघं बसलेत, नंबर लावा."

त्या चार महिन्यांत त्यांनी काय केलं ते मला त्यांच्या वहीत दिसलं. आबांच्या पानावरचं 'उपचारास नकार' खोडून त्यांनी खाली लिहिलं होतं: मी विचारलं नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला, तो रेल्वेचा असो की नसो, बोटं उचलण्याआधी बाई एक प्रश्न विचारतात: "समोर हात हलला तर तुम्हाला काय आठवतं?" ज्याला काही आठवतं त्याच्यापुढे हात धरत नाहीत. त्याचे दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवायला सांगतात आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या हातावर हलकेच टकटक करतात. एक फाटकवाला असाच बरा झाला. तोही दिव्याच्या आडव्या हलण्याला भ्यायचा. तो बरा झाला तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी आबांचा ओटा आठवला. या प्रश्नाला बाई वहीत नुसतं 'ठोंबरे' म्हणतात. ठोंबरे विचारलं, असं लिहितात.

बाईंना घडवणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतील. त्यांची विद्वत्ता, त्यांचे गुरुजन यांबद्दल या ग्रंथात जाणती माणसं लिहितीलच. मला एवढंच सांगता येईल, की आपली चूक खोडरबराने न पुसता, एक रेघ मारून, वाचता येईल अशी ठेवणारा दुसरा डॉक्टर मी पाहिलेला नाही.

समितीचं पत्र आल्यावर मी बाईंना विचारलं, हे सगळं लिहू का? त्या म्हणाल्या, "आधी ते ठोंबऱ्यांच्या घरी सांगा. घरच्यांनी छापील कागदावर वाचू नये. आणि त्यांच्या पत्नी नको म्हणाल्या तर लिहू नका."

मागच्या महिन्यात मी वस्तीवर गेलो. काकू आता थकल्या आहेत. मी ओट्यावर बसून सांगितलं: त्या स्त्रीने हात केला होता, आबांना वाटलं मेंढरं वळवते आहे, दोन सेकंद गेले, आम्ही वेगळं लिहून दिलं. काकू ऐकत होत्या. रडतील, मला शिव्या देतील, अशी मनाची तयारी करून मी गेलो होतो. त्यांनी फक्त विचारलं, "कसा हात?"

मी पुन्हा एकदा तो हात करून दाखवला.

काकू बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झोपंत त्येंचा हात आसाच हालायचा. रोज. मला वाटायचं, ल्हानपनीचं सपान पडतंय, मेंढरं वळवत्यात. तेवढंच सुख म्हनून म्या कवा उठवलं न्हाई."

निघताना मी लिहायचं विचारलं. त्या म्हणाल्या, "लिव्हा. दुसऱ्या कुनाच्या घरात कळंल तरी."

दौंडला आल्यावर मी बाईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी वाट बघत होतो, पण त्या काहीच बोलल्या नाहीत. 'कदाचित'सुद्धा नाही. थोड्या वेळाने उठून त्यांनी दार उघडलं आणि पुढच्या रुग्णाला आत घेतलं.

बाईंनी साठी गाठली आहे. दौंड आणि शिरूरमध्ये, रेल्वे कॉलनीत आणि वाड्यावस्त्यांवर, त्यांच्यामुळे झोपू लागलेली पुष्कळ माणसं आहेत, त्यांतला मी एक. सर्वांच्या वतीने मी त्यांना दीर्घ आयुष्य आणि निरोगी शरीर इच्छितो. ते मिळेलच असं छातीठोक म्हणणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. त्यांना रोज स्वस्थ झोप लागो. आणि कधी झोपेत त्यांचा हात हलताना दिसला, तर जवळच्या माणसाने सुखाचं स्वप्न असेल असं समजू नये. त्यांना हाक मारून उठवावं.